जयंतीचे डिझेल, अभ्यासिकेचा पंखा

एप्रिल उजाडला की यवतमाळात पारा बेचाळीसकडे धावतो आणि वीज बचतीचे उपदेश सुरू होतात. दिवे मालवा, पंखे बंद करा, वाहने कमी वापरा! उपदेश करणारे बहुधा वातानुकूलित दालनात बसलेले असतात. आमचा त्यांना सवाल आहे : टिनाच्या खोलीत एक बल्ब आणि एक पंखा, त्यातले वाचवायचे काय? दीड टनाचा एक एसी जेवढी वीज ओढतो, तेवढ्यात वीस साधे पंखे फिरतात. बचतीची शिस्त आधी त्या दालनांना लागावी.

वणीच्या खाणींतून कोळसा निघतो. शेजारच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचे वीज केंद्र उभे आहे. १९९९ पासून तिकडची वीज सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या तारांवरून थेट मुंबईजवळच्या पडघ्याला जाते. २००५ नंतरच्या वर्षांत मुंबई झगमगत होती, तेव्हा विदर्भातली खेडी बारा-बारा तासांचे भारनियमन सोसत होती. राख एकाच्या दारी, उजेड दुसऱ्याच्या घरी. गावकुसाबाहेर राहिलेल्यांना ही वाटणी ओळखीची आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. सिंचन आणि विजेचे धोरणही त्यांच्याच खात्याकडे होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय दारिद्र्यातून सुटका नाही, हे त्यांनी ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे मांडले. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. आपल्या व्याख्यानांतून हे बाबासाहेब क्वचितच भेटतात.

सरकारला जाब विचारताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. १४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. मिरवणुकीत डीजेच्या गाडीमागे जनरेटर रात्रभर धडधडतो. दुपारच्या उन्हात दुचाकींची रॅली निघते, एकेका गाडीवर एकेक जण. कुठे कुठे रोषणाईसाठी तारेवर आकडाही पडतो; कायद्याचे राज्य देणाऱ्याच्या जयंतीला! इतरांच्या उत्सवांना कोणी विचारत नाही, मग आम्हालाच का, असे तरुण म्हणतील. राग रास्त आहे. पण इतरांचे उत्सव हा आपला मापदंड कधीपासून झाला?

साधा हिशेब करू. जनरेटरमध्ये एक लिटर डिझेल जाळले की साधारण तीन युनिट वीज मिळते. तीस वॅटचे नव्या धर्तीचे दहा पंखे तेवढ्यात दहा तास चालतात. विहारातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची पोरे घामाने पुस्तक भिजवत बसतात, त्यांचा एक पूर्ण दिवस त्या एका लिटरात निघतो. मिरवणुकीत किती लिटर जळते, ते मंडळांना ठाऊक आहे.

जयंती अंधारात करा असे आम्ही म्हणत नाही. घरोघरी निळा दिवा लागलाच पाहिजे, एलईडीचा लागावा. रॅली सकाळी नऊच्या आत, एका गाडीवर दोघे, शक्य तिथे पायी. वस्तीतल्या टिनांवर जयंतीपूर्वी पांढऱ्या चुन्याचा हात फिरवला तर खोली थोडी निवते; हे काम पोरांच्या एका तुकडीचे, एका सकाळचे आहे.

मंडळे जयंतीचा जमाखर्च विहाराच्या भिंतीवर लावतात. यंदा त्यात डिझेलची ओळ वेगळी लिहावी आणि शेजारी अभ्यासिकेचे वीज बिल लावावे.