तार कुणाच्या मालकीची?

१ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेतल्या सुमारे साडेआठ लाख ग्राहकांचे इंटरनेट बंद पडले. केबल कुठे तुटली नव्हती. दिवाळखोरीत गेलेल्या ‘एक्साइट अ‍ॅट होम’ या केबल-इंटरनेट कंपनीचे रोखेधारक आणि दूरसंचार कंपनी एटी अँड टी यांच्यात पैशांवरून तंटा पेटला होता, न्यायालयाने सेवा थांबवण्याची परवानगी दिली आणि ग्राहक मधल्या मध्ये भरडले गेले.

हीच कंपनी अडीच वर्षांपूर्वी शेअरबाजाराची लाडकी होती. टीसीआय या बड्या केबल कंपनीने क्लायनर पर्किन्स या गुंतवणूक संस्थेसह १९९५ मध्ये ‘अ‍ॅट होम’ उभी केली. पुढे कॉमकास्ट आणि कॉक्स भागीदार झाल्या. टीव्हीच्या केबलमधून टेलिफोनपेक्षा कितीतरी वेगवान इंटरनेट द्यायचे, ही कल्पना अस्सल होती. जुलै १९९७ मध्ये साडेदहा डॉलरना शेअर विक्रीस आला आणि पुढची दोन वर्षे भाव चढतच गेला. त्या फुगलेल्या शेअरांच्या बळावर कंपनीने १९९९ मध्ये एक्साइट हे पोर्टल सुमारे ६७० कोटी डॉलरना घ्यायचे ठरवले. त्याच वर्षी ई-शुभेच्छापत्रांची ब्लू माउंटन ७८ कोटींना घेतली. दोन वर्षांनी ती साडेतीन कोटींना विकावी लागली!

गुंतवणूकदार साइटवर येणारी माणसे मोजत राहिले. तार मात्र केबल कंपन्यांची होती. अ‍ॅट होमकडे होता तो त्या तारेवरचा २००२ पर्यंतचा एकाधिकार, म्हणजे मुदत असलेला कागद. टीसीआय विकत घेऊन एटी अँड टी अ‍ॅट होमची सूत्रधार झाली, तेव्हा भागीदार सावध झाले. मार्च २००० मध्ये कॉक्स आणि कॉमकास्ट यांनी आपले शेअर एटी अँड टीला किमान ४८ डॉलरना विकण्याचा हक्क पदरात पाडून घेतला. सामान्य भागधारकाला असे कवच कुणी दिले नाही. दिवाळखोरी आली तेव्हा त्याच्या शेअरला एक डॉलरही मिळत नव्हता.

खरा प्रश्न वेळीच विचारला होता तो ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहराने. केबल इतर इंटरनेट सेवादारांनाही खुली करा, अशी अट त्याने १९९८च्या अखेरीस घातली. एटी अँड टी न्यायालयात गेली. अशी अट घालण्याचा शहराला अधिकार नाही, असा निकाल २००० मध्ये अपिलात लागला. खुल्या केबलसाठी कायदा हवा, असा आग्रह धरणाऱ्या एओएल या इंटरनेट सेवादाराने टाइम वॉर्नरशी विलीनीकरण जाहीर होताच ती मागणी सोडली. आता टाइम वॉर्नरच्या केबल तिच्याच हाती येणार होत्या.

पोर्टलंडचे म्हणणे रास्त होते. एकाच तारेवर चार सेवादार असते, तर एक बुडाल्यावर ग्राहकाला दुसऱ्याकडे जाता आले असते. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ब्रँड एक्स खटल्यात केबल कंपन्यांच्या बाजूने निकाल दिला आणि तारा बंदिस्तच राहिल्या.