पॅड घेण्याआधी यंत्राची पाठ बघा

डोंबिवलीच्या एका भगिनीनं लिहिलंय, "मुलगी अकरावीत आहे. सात वर्षं तबला शिकली, आता कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात पॅड वाजवायचे म्हणते. घरात तिच्या मामानं दिलेलं जुनं ड्रम मशीन आहे. या महिन्यात माझी भिशी लागतेय. दुकानदार म्हणतो, सगळ्यात मोठा सेट घ्या. काय करू?"

ताई, मुलीच्या जातीला हे कशाला, असा शब्दसुद्धा तुमच्या पत्रात नाही. फार बरं वाटलं. आता भिशीचे पैसे सत्कारणी लागायला हवेत!

आपल्याकडे वनस्पती तुपाला जसं सरसकट डालडा म्हणतात, तसं असल्या कुठल्याही पॅडला ऑक्टोपॅड म्हणतात. मूळचा तो रोलँड कंपनीचा. १९८५ साली आलेल्या त्या पहिल्या आठ पॅडांच्या यंत्राला स्वतःचा आवाजच नव्हता, बरं का! वाजवायचं त्याच्यावर आणि आवाज काढायचा शेजारच्या ड्रम मशीननं. तुमच्या घरी मशीन आहेच. तेव्हा 'यात अमुक शे आवाज आहेत' या बोलण्याला भुलून जादा पैसे मोजू नका.

पॅडच्या रबराखाली एक चपटी चकती असते. तिला दणका बसला की इवलीशी वीज तयार होते. खटक्याच्या गॅस लायटरमध्ये ठिणगी पडते, त्यामागचं तत्त्व हेच. त्या विजेवरून पॅडचं यंत्र ठरवतं, कुठं मारलं आणि किती जोरात. मग हा निरोप ते ड्रम मशीनला मिडी नावाच्या भाषेत पाठवतं. जोराचे आकडे १ ते १२७. हलका हात, भारी हात यांतला फरक तबला शिकलेल्या मुलीला आपण काय सांगावा! पण पॅडला तो कळतो का, हे मात्र दुकानातच बघायला हवं.

म्हणून आधी घरच्या मशीनची पाठ बघा. 'मिडी इन' लिहिलेलं पाच भोकांचं गोल सॉकेट आहे का? असेल, तर पॅडलाही तसंच 'मिडी आउट' हवं. हल्ली काही पॅडांना फक्त यूएसबी असतं. ते कॉम्प्युटरला जोडायला ठीक, पण जुन्या मशीनला सरळ जोडता येत नाही. मशीनला 'मिडी इन' नसलंच, तर मात्र आवाजासकट पॅड घेण्यात शहाणपण आहे.

जोडल्यावर आवाज आला नाही, तर लगेच दुकानात धावू नका. दोन्हीकडे चॅनल एकच आहे ना, ते पाहा. ड्रमसाठी बहुधा १० असतो. मग आवाजांचे क्रमांक जुळवा. रूढ पद्धतीत ३६ म्हणजे बास ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर. जुन्या मशीनमध्ये वेगळे असू शकतात. मुलीला पुस्तिका घेऊन बसवा, तासाभराचं काम आहे.

खरी फसगत होते ती पेडलमध्ये. दुकानात सगळी पेडलं सारखीच दिसतात. एक असतं साधं खटक्याचं. पाय दिला की चालू, काढला की बंद. जोर त्याला कळत नाही. दुसऱ्यात पॅडसारखीच चकती असते, ते हलका-भारी ठोका ओळखतं. बास ड्रमसाठी हे दुसरं मागा. मशीनच्या पाठीवर 'फूटस्विच' लिहिलेलं भोक दिसतं. हे पेडल तिथं लावून उपयोग नाही. ते भोक बहुधा ताल सुरू-बंद करायला किंवा मध्ये तुकडा टाकायला असतं. ठोक्याचं पेडल पॅडच्या यंत्रात जायला हवं, तिथून मिडीनं मशीनकडे. म्हणजे पॅडला बाहेरचं पेडल जोडायची सोय आहे का, हे विचारायलाच हवं. हाय-हॅटचं पेडल आणखी निराळं. ते सध्या राहू द्या.

दुकानात मुलीलाच वाजवू द्या, तेही हेडफोन लावून. आधी बोटानं अगदी हळू वाजवायचं. मग काठ्यांनी भरभर. मग एकाच पॅडवर जोरात मारून बघायचं, शेजारचं पॅड आपसूक बोलतं का? एका ठोक्याला दोन आवाज येतात का? यांतलं थोडंफार आतल्या सेटिंगनं सुधारतं. ते दुकानदाराला समोर करून दाखवायला सांगा. 'घरी गेल्यावर होईल' हे ऐकून घेऊ नका.

पेडल जमिनीवर सरकतं का, तेही पाहा. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला वाजवणाऱ्या मुलाचं पेडल प्रत्येक गाण्यात वीतभर पुढं जायचं नि तो बिचारा खुर्चीसकट त्याच्या मागं!

अडॅप्टर मात्र यंत्रावर छापलेल्या व्होल्टचाच हवा. एसी की डीसी तेही जुळायला हवं. घरात पडलेला रेडिओचा लावू नका, यंत्र जळेल.

आणि खालच्या मजल्यावरच्यांचं काय? हेडफोननं सूर घरात राहतो, पण पेडलचा धप्प आवाज लादीतून खाली जातोच. जाड रबरी मॅट घाला, तिच्याखाली चौघडी सतरंजी. तरीही दुपारी दोन ते चार पेडल बंद, नुसते हात. खालच्या आजी तेव्हा झोपतात, नाही का?