लाकडात कोरलेले पितर

१/ अचलपूर म्हटले की इमादशाही आणि गाविलगड आठवतात. परतवाड्याहून घाट चढून मेळघाटात गेल्यावर मात्र वऱ्हाडाचा आणखी एक इतिहास भेटतो. तो लाकडात कोरलेला आहे: कोरकूंचे मुंडे.

२/ मुंडा म्हणजे मृताच्या स्मरणार्थ उभारलेला कोरीव सागवानी स्तंभ. त्यावर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार असतात. ‘सिडोली’ विधीने मृताला पितरांत स्थान मिळते. मुंडा त्याचीच खूण होय.

३/ पश्चिम आफ्रिकेतील फोन समाजाचे ‘असेन’ याच जातकुळीचे. धातूच्या दांड्यावर तबकडी, तिच्यावर आकृती. तेथे पितरांना नैवेद्य अर्पण होतो. १८९०च्या दशकात फ्रेंचांनी दाहोमी जिंकले आणि राजवाड्यातील वस्तू पॅरिसला नेल्या. २०२१ मध्ये त्यांपैकी २६ वस्तू बेनिनला परत मिळाल्या. त्यांत असेनही होते.

४/ मेळघाटातील प्रश्न लुटीचा नाही, स्थलांतराचा आहे. १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला. पुढे बोरी, कोहा, कुंड ही गावे अकोट तालुक्यात वसवली गेली. घर मोजता येते, शेत मोजता येते. पितरांचे ठिकाण कोणत्या रकान्यात लिहायचे?

५/ लाकूड कुजते, म्हणून मुंडे संग्रहालयात हलवावेत, हा युक्तिवाद अपुरा आहे. विधीपासून तुटलेला मुंडा काचेआड टिकेल. पण तो कोणाचा पितर, हे सांगणारे कोणी उरणार नाही.

६/ म्हणून गाव उठण्यापूर्वी प्रत्येक मुंड्याची नोंद गावकऱ्यांच्या तोंडून व्हावी आणि तेथे विधीसाठी जाण्याची वाट मोकळी राहावी. गाविलगडाच्या तटाला इतिहास मानणाऱ्यांनी या सागवानालाही तोच मान द्यायला हवा.