पहिले पाऊल कोण पाहणार?

लेक दीड महिन्याची होते आणि एका दुपारी आईच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहता पाहता तिचे बोळके खुलते. तोवरचे हसू झोपेतले. 'सटवाई हसवते' असे म्हणून आजीने ते सोडून दिलेले असते. हे हसू मात्र ओळखीचे असते. घरात आनंदाची धांदल उडते, वडिलांना कार्यालयात फोन जातो. ते रात्री आठ-नऊ वाजता घरी पोहोचतात, तेव्हा लेक गाढ झोपलेली असते. त्यांच्या वाट्याला येते ती मोबाइलवरील अर्ध्या मिनिटाची चित्रफीत. शहरी मध्यमवर्गीय घरांत हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की, त्यात काही उणे आहे असेही कोणाला वाटेनासे झाले आहे.

वस्तुतः मानवी आयुष्यात पहिल्या वर्षाइतका वेगाने पालटणारा दुसरा कालखंड नाही. नवजात अर्भकाला जेमतेम वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचेच काहीसे स्पष्ट दिसते. हे अंतर म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याचे अंतर! निसर्गाने जगाची पहिली ओळख आईच्या मुखापासून करून दिली आहे. पुढे तीन-चार महिन्यांत बाळ मान धरते, मग पालथे पडते, बसते, रांगते, धरून उभे राहते आणि अखेर हात सोडून पाऊल टाकते. या प्रत्येक टप्प्याला मराठीत स्वतंत्र शब्द आहे. कारण हे टप्पे पाहणारे डोळे घरात सदैव हजर असत.

आपल्या परंपरेने तर या टप्प्यांभोवती कुटुंबाला एकत्र आणले. बारशाला नाव मिळते ते साऱ्या गोतावळ्याच्या साक्षीने. पहिल्या संक्रांतीला हलव्याचे दागिने घालून होणारे बोरन्हाण हा तर आळीतल्या पोरांचाच सोहळा. गृह्यसूत्रांनी अन्नप्राशनासाठी सहावा महिना सांगितला. आणि सहा महिने केवळ स्तनपान, त्यानंतर पूरक आहार हीच आजच्या वैद्यकशास्त्राचीही शिफारस आहे. परंतु परंपरेचा अभिमान बाळगणे म्हणजे प्रत्येक रीत डोळे मिटून पाळणे नव्हे. जन्मतःच बाळाला मध चाटवण्याची प्रथा अनेक घरांत आहे. मधातील विशिष्ट जिवाणूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते, म्हणून वर्षापर्यंत मध देऊ नये, हे आज निर्विवाद आहे. मुलीचे उष्टावण विषम महिन्यात करण्याच्या रिवाजापायी पाचव्या महिन्यातच घास भरवण्याऐवजी सातवा महिना धरला, तर रीतही राहते आणि बाळाचे हितही. संस्काराचा हेतू जपावा आणि तपशील ज्ञानाच्या कसोटीवर पारखून घ्यावा, यातच शहाणपण आहे.

मात्र आज या टप्प्यांना एक वेगळेच वळण लागले आहे. शेजारच्या घरातले बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले अजून बसूनच आहे, या विचाराने किती तरी तरुण मातांची झोप उडते. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांच्या निरीक्षणांवर आधारलेले निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध केले. त्यांनुसार निरोगी बाळ आधाराशिवाय बसू लागते ते सुमारे चौथ्या ते नवव्या महिन्यांच्या दरम्यान, तर स्वतंत्रपणे चालू लागते ते आठव्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही. शंभरांतील सुमारे चार बाळे तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. निसर्गाने जिथे इतकी मोकळीक ठेवली, तिथे आई-बापांनी शर्यत का लावावी?

याचा अर्थ उशिराकडे काणाडोळा करावा असा नाही. 'आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात' या एका वाक्याने कित्येक बालकांच्या उपचारांचा मोलाचा काळ वाया घालवला आहे. तीन महिन्यांचे होऊनही बाळ ओळखीचे हसत नसेल, पाचवा महिना उलटला तरी मान धरत नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल, नऊ-दहा महिन्यांपर्यंत आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षापर्यंत चालत नसेल किंवा आलेली कला गमावत असेल, तर विनाविलंब डॉक्टरांना दाखवले पाहिजे. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर वयाची मोजणी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून करायची असते, हेही ध्यानात घ्यावे. माता-बाल संरक्षण कार्डावर हे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. पण बहुतेक घरांत ते कार्ड लसीच्या तारखेपुरतेच उघडले जाते. बालकांतील व्यंगे आणि विकासातील विलंब वेळीच हुडकण्यासाठी सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच पालघरमध्ये झाला. तरीही पहिली तपासणी आई-वडिलांच्या नजरेनेच व्हायची असते. त्यासाठी ती नजर घरात असावी लागते.

नेमक्या या जागी बाजारपेठ शिरली आहे. लाकडी पांगुळगाड्यामागे बाळ स्वतःच्या पायांवर उभे राहून तो ढकलत असे. आजच्या वॉकरमध्ये ते नुसते बसते आणि बोटांच्या टोकांनी रेटते. त्यामुळे चालणे लवकर येत नाही. जिन्यावरून कोसळण्याचा धोका मात्र वाढतो. कॅनडाने २००४ साली अशा वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. काऊ-चिऊच्या घासाची जागा मोबाइलने घेतली आहे. वर्षाच्या आतील बालकास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट केले. तर भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांपर्यंत ते टाळण्यास सांगते. अपवाद केवळ दूरच्या नातलगांशी होणाऱ्या दृक्-संवादाचा. कारण पडद्यापलीकडची आजी बाळाच्या हुंकाराला हुंकार देते, कार्टून देत नाही.

दोष एकट्या आई-वडिलांचा नाही. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी मातृत्व रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवडे झाली, हे स्वागतार्हच. पण त्यातले आठ आठवडे प्रसूतीपूर्वीच घेतले, तर बाळ बसू लागण्याआधीच आई कामावर रुजू झालेली असते. केंद्र सरकारच्या सेवेतील पित्याला पंधरा दिवसांची रजा आहे. खासगी क्षेत्रातील पित्यासाठी तेवढीही कायदेशीर हमी नाही. आणि बांधावरच्या झाडाला झोळी बांधून खुरपणी करणाऱ्या मातेपर्यंत तर रजा हा शब्दच पोहोचलेला नाही. कुटुंबव्यवस्थेचे गोडवे गाणाऱ्या समाजाने कुटुंबासाठी वेळ मागण्याची लाज बाळगू नये.

कायदा व्हायचा तेव्हा होवो. सकाळी कामावर निघण्यापूर्वी लेकीला तेल लावून न्हाऊ घालणे पित्याला अशक्य नाही. लंगोट बदलणे, ढेकर येईपर्यंत खांद्यावर घेऊन फिरणे, रात्री थोपटत अंगाई म्हणणे ही आईची 'मदत' नव्हे; ते पित्याचेच कर्तव्य आहे. आजी-आजोबांनीही केवळ देखरेखीचे धनी न राहता सुनेला दोन तासांची निर्वेध झोप मिळवून द्यावी. 'संस्कार' हा शब्द आपण वारंवार उच्चारतो. त्याचा पहिला पाठ उपदेशाने दिला जात नाही, तर सहवासाने दिला जातो.

एके दिवशी लेक भिंतीचा आधार सोडेल, क्षणभर डोलेल आणि समोर पसरलेल्या हातांकडे पाहून पाऊल टाकेल. ते हात कुणाचे असावेत, याचा निर्णय मात्र प्रत्येक घराने आजच करायचा आहे.