परसातले उड्या मारणारे किडे ओळखा



अंगणातल्या कुंतीची किंवा जास्वंदीची फांदी हलवली, की तिळाएवढे किडे टणाटण उड्या मारतात. सगळे सारखेच वाटतात, पण तसे नाहीत. ज्यांची संत्रा, मोसंबी किंवा लिंबाची बाग आहे, त्यांनी तर ते ओळखलेच पाहिजेत.

सकाळी गारव्यात किडे सुस्त असतात. तेव्हा फांदीखाली पांढरे फडके धरून फांदीवर दोन टिचक्या मारा. काय पडते ते पाहा.

हिरवट, पाचरीच्या आकाराचा आणि तिरका चालणारा किडा म्हणजे तुडतुडा. तो पानाच्या खालून रस शोषतो. पानांच्या कडा पिवळ्या पडून वळतात. जास्वंद, भेंडी आणि कपाशी एकाच कुळातल्या. म्हणून जास्वंदीवर तुडतुडे दिसले, की भेंडीची पानेही उलटून पाहावीत.

काळा, चकचकीत, कठीण पाठीचा आणि मागच्या मांड्या जाड असलेला असेल, तर तो भुंगेरा. तो पाने कुरतडून बारीक भोके पाडतो.

तिसरा मात्र घातकी. तपकिरी, ठिपकेदार पंखांचा, तीन-चार मिलिमीटर लांब. बसताना डोके खाली आणि शेपटाकडचा भाग वर, असा तिरपा बसतो. हा सायला. कुंती, कढीपत्ता आणि संत्रावर्गीय झाडे यांच्या कोवळ्या पालवीवर तो अंडी घालतो. त्याची पिवळसर, चपटी पिल्ले पांढरे मेणासारखे धागे सोडतात. संत्र्याच्या झाडांत ग्रीनिंग हा रोग हाच किडा पसरवतो. रोग लागलेले झाड बरे करणारे औषध नाही. म्हणून बागेच्या बांधाला कुंतीचे कुंपण लावू नये.

कुंतीवर सायला दिसला, तर पिल्लांनी भरलेले कोवळे शेंडे कापून जाळावेत. लिटरभर पाण्यासाठी 50 ग्रॅम निंबोळीगर कुटून थोड्या पाण्यात रात्रभर भिजवावा. सकाळी गाळून पाणी लिटरभर करावे, चिमूटभर साबणचुरा घालावा आणि संध्याकाळी पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारावे. कढीपत्ता आपण खातो आणि जास्वंद देवाला वाहतो. तिथे विषारी औषध नको. ढालकिडे आणि कोळी या किडींना खातात, त्यांनाही जपावे.

नवी पालवी फुटली, की आठवड्यातून एकदा फडके धरून पाहा. परसातली कीड बागेत जायला वेळ लागत नाही.