गाडी थांबत नाही



फास्ट आणि स्लो हा वेगाचा फरक आहे असं तुम्हाला वाटत असेल तर ते आधी डोक्यातून काढून टाका. कल्याणहून सुटणाऱ्या दोन्ही लोकलची मोटर तीच, डबे तेच, मोटरमनचा पगारही तोच. फास्ट ही फास्ट असते कारण ती काही माणसांसाठी थांबत नाही. एवढंच. ती पळते म्हणून पुढं जात नाही, कुणाला तरी फलाटावर उभं ठेवून पुढं जाते.

आता कुणाला उभं ठेवते ते स्टेशनांच्या नावावरून बघा. भायखळा सुटलं की फास्ट गाडी दादरच्या ओढीनं सुटते. मधे चिंचपोकळी आहे, करी रोड आहे. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा हजारो कामगार याच फलाटांवर उतरायचे, आणि स्लोनंच उतरायचे. १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जागी काचेचे टॉवर आले. टॉवरवाल्याला गाडी थांबली काय नि न थांबली काय, त्याच्या बुडाखाली मोटार आहे. टॉवरमधे भांडी घासायला, लिफ्ट चालवायला, रात्रपाळीला वॉचमन म्हणून जो येतो तो आजही स्लोनंच येतो. ठाणं ओलांडलं की कळवा, मुंब्रा. फास्टच्या खिडकीतून ही नावं वाचायलाही मिळत नाहीत.

मी गोदीत हमाली करतो, कंत्राटदाराकडे. राहतो गोवंडीत, उतरतो डॉकयार्ड रोडला. आमच्या हार्बरवर तर फास्ट नावाचा प्रकारच नाही. दोन रूळ, एक जायला, एक यायला. चेंबूर, टिळकनगर, कुर्ला, चुनाभट्टी, वडाळा, शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, एकेक दगड मोजत गाडी जाते. कुर्ला ते रे रोड ही लाइन १९१० च्या डिसेंबरात सुरू झाली. विजेवरची देशातली पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला अशी याच हार्बरवर धावली. म्हणजे वीज पहिली आली ती आमच्या रुळांवर. त्याला शंभर वर्षं होऊन गेली, रूळ मात्र दोनच राहिले. गोदीतला माल बाहेर काढायला रस्ते झाले, फ्रीवे झाला. गोदीतला माणूस बाहेर काढायची घाई कुणाला असणार?

लटकून जाणारे आपलेच आहेत. रेल्वेकडे या गर्दीसाठी एक शब्द आहे, ‘सुपर डेन्स क्रश लोड’. एका चौरस मीटरमधे चौदा ते सोळा माणसं उभी. एका चौरस मीटरची जागा जमिनीवर खडूनं आखा आणि सोळा जणांना तिच्यात उभं करून दाखवा. पोत्यांची थप्पीसुद्धा आम्ही अशी लावत नाही, खालचं पोतं फुटतं. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या रुळांवर दोन-दोन हजारांहून जास्त माणसं मेली. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या बाजूनं गेल्या आणि दोन्हींच्या दारांत लटकलेली माणसं खाली पडली. चार जण तर त्याच दिवशी गेले. लगेच घोषणा झाली, आता एसी नसलेल्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवणार. बसवा ना. दार बंद झालं की लटकणारा आत जाईल की फलाटावर राहील हे मात्र घोषणेत नव्हतं. माणूस हौसेनं लटकत नाही, साहेब. पुढची गाडी पकडली तर हजेरी जाते म्हणून लटकतो.

आता दिव्याचं घ्या. दिवा म्हणजे मुंबईत घर परवडत नाही त्याचं गाव. चाळीवर चाळ उभी राहिली, माणूस वाढत गेला आणि फास्ट लोकल त्याच्या नाकासमोरून धुरळा उडवत जात राहिली. २ जानेवारी २०१५ ला लोकांचा संयम सुटला. ओव्हरहेड वायरचा घोटाळा होऊन गाड्या अडकल्या आणि दिव्याची माणसं रुळांवर उतरली. दगड चालले, गाड्या फुटल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत ‘प्रवाशांचे हाल’ असं छापून आलं. हे प्रवासी कोण? दिव्याचा माणूस त्यात धरला होता का? मग २०१६ च्या डिसेंबरात दिव्याला फास्टचा थांबा मिळाला. अर्ज, निवेदनं, शिष्टमंडळं बरीच वर्षं चालू होती. थांबा मिळाला तो रूळ अडवल्यानंतर, हा क्रम ध्यानात ठेवा.

आणि थांबा मिळाल्यावर डोंबिवली-कल्याणच्या फास्टमधे काय बोलणं चालायचं ते मी कानांनी ऐकलं आहे. “यांच्यामुळे आपली दोन मिनिटं जातात.” “हे लोक चढतात आणि सगळा डबा घाण होतो.” बोलणारा माणूस स्वतः दादरला घामाघूम उतरून एखाद्या सेठची हिशोबाची वही लिहिणारा. त्याच्याही घरी महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपतात. पण फास्टमधे चढला की त्याचा वर्ण बदलतो. विरार फास्टची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. बोरिवलीला उतरणारा चुकून त्या गाडीत चढला तर त्याला उतरू देत नाहीत, वर मार. मार देणारा कामगार, मार खाणारा कामगार. वरची पायरी दिसली की खालच्याला लाथ घालायची हे आपल्याकडे शाळेत शिकवावं लागत नाही, ते हवेत आहे. डब्याच्या हवेत तर जास्तच, कारण तिथं हवा कमी.

फास्टच नको असं मात्र मी म्हणत नाही. कसाऱ्याहून पहाटे निघणारी बाई सव्वाशे किलोमीटरच्या आसपास प्रवास करून बोरीबंदरला येते. तिला तुम्ही प्रत्येक दगडापाशी थांबवलंत तर ती घरी कधी पोचायची, भाकरी कधी थापायची? तिला फास्ट पाहिजेच. भांडण तिच्याशी नाही, रूळ कमी ठेवून तिला आणि दिव्याच्या बाईला एकमेकींच्या झिंज्यांवर सोडणाऱ्यांशी आहे. ठाणे-दिवा पाचवा-सहावा रूळ २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला, मेल-एक्सप्रेस वेगळ्या काढून लोकलला वाट मोकळी करण्यासाठी. पण लोकांना गाड्या वाढलेल्या दिसल्या त्या कशा? साधी लोकल काढून तिच्या वेळेला एसी लोकल लावलेली. साध्या लोकलचं किमान तिकीट पाच रुपये, एसीचं त्याच्या कितीतरी पट. ऑगस्ट २०२२ मधे कळव्याची माणसं एसी लोकलच्या आडवी गेली. ही तीच माणसं, ज्यांना कळव्याच्या फलाटावर गाडीत पाय ठेवायला मिळत नाही म्हणून रुळांतनं चालत कारशेडला जातात आणि रिकामी गाडी पकडतात. बदलापूरलाही लोक उठले. आठवड्याभरात मध्य रेल्वेला दहा एसी फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. एसीला आपला विरोध नाही, घाम आम्हालाही येतो. पण माझ्या पाच रुपयांच्या गाडीचा गळा दाबून एसी येत असेल तर मी आडवा जाणारच.

जरा लांबचं सांगतो. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ साली सुरू झाली तीच चार रूळ घेऊन. दोन लोकलचे, दोन एक्सप्रेसचे. भाडं दोन्हीला एकच. हार्लेम ही तिथल्या काळ्यांची वस्ती. ज्यांच्या पँथरवरून इथल्या पोरांनी १९७२ साली पँथर हे नाव घेतलं, त्या काळ्या माणसांची. तिथं १९३२ पासून ‘ए’ नावाची एक्सप्रेस एकशे पंचविसाव्या रस्त्याला थांबते आणि मग एकोणसाठाव्या रस्त्यापर्यंत थांबत नाही. मधली स्टेशनं कुठली, तर सेंट्रल पार्कच्या कडेची, बड्या लोकांच्या वस्तीतली. म्हणजे एक्सप्रेस काळ्यांच्या वस्तीत थांबते आणि श्रीमंतांची स्टेशनं गाळून जाते, त्यांनी लोकल पकडावी. अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं कुणी समजू नये, काळ्या माणसाच्या मानेवरचा गुडघा आपण २०२० साली पाहिला. पण रूळ पुरेसे असले तर एक्सप्रेस आपल्या वस्तीतही थांबू शकते, एवढं त्यावरून कळतं. ‘तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही’ हे वाक्य जो साहेब फेकतो त्याच्या तोंडावर हे मारायला उपयोगी पडेल.

मुंबईचं झालं. पण मी मूळचा लोणंदचा आणि ही ओळ लिहितोय ती लोणंदला सुट्टीवर आलोय तेव्हा. इथंही तेच आहे, फक्त गर्दी कमी आणि वाट बघणं जास्त. पुणे-मिरज लाइनवरचं हे स्टेशन. कांद्याचा बाजार मोठा. आषाढीला माउलीची पालखी इथं मुक्कामाला असते. २०२४ च्या सप्टेंबरपासून पुणे-कोल्हापूर वंदे भारत सुरू झाली. तिचे थांबे सातारा, कराड, किर्लोस्करवाडी, सांगली, मिरज. माउली लोणंदला थांबते, वंदे भारत थांबत नाही. बरं, न थांबो, तिचं तिकीट काढायची आपली ऐपत नाही. पण तिला पुढं काढताना पॅसेंजर बाजूच्या रुळावर ताटकळते, त्याचं काय? सालपे, आदर्की इथल्या माणसाला तीच एक गाडी.

त्या पॅसेंजरचंही कसं नाटक झालं बघा. २०२० च्या मार्चमधे टाळेबंदीत सगळ्या गाड्या बंद. पुन्हा सुरू झाल्या तेव्हा पॅसेंजरला ‘एक्सप्रेस स्पेशल’ असं नाव. गाडी तीच, डबे तेच, प्रत्येक स्टेशनात थांबणंही तेच. बदललं काय? किमान तिकीट दहाचं तीस रुपये. लोणंदहून नीरेला जायचं, पुढचंच स्टेशन, टाका तीस. रोजगारावर जाणाऱ्या बाईचे जायचे तीस, यायचे तीस. नुसत्या नावानं गाडी एक्सप्रेस झाली! नाव बदलून हलक्याचं भारी करता येतं ही विद्या या देशात जुनी आहे, पण त्याचे पैसे हलक्याकडूनच वसूल करायचे ही नवी कला. हे २०२४ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. मग निवडणूक तोंडावर आली आणि दहा रुपये परत आले.

सह्याद्री एक्सप्रेस आठवते का कुणाला? संध्याकाळी मुंबईहून सुटायची. पाळी संपली की धावत जाऊन जनरलमधे घुसायचं. बारक्या स्टेशनांना थांबत जाणारी, चाकरमान्याची गाडी. तीही २०२० ला बंद पडली. २०२३ च्या नोव्हेंबरात परत आली ती पुण्यापर्यंतच. मुंबई तोडून टाकली. मुंबईच्या फलाटाला जागा नाही म्हणे. माझी आई आता पोराकडे यायचं तर पुण्याला उतरते, गठुडं डोक्यावर घेऊन जिना चढते आणि दुसरी गाडी शोधते. तिला वाचता येत नाही. २०२१ च्या मार्चमधे फलटणची डेमू सुरू झाली, फलटण-लोणंद-पुणे. ती पाहिजेच होती, त्यासाठी फलटणच्या लोकांनी किती वर्षं वाट पाहिली. पण मुंबई तुटली ती तुटलीच.

याच लाइनवर मसूर आहे. १९०१ साली भीमराव नावाचा एक पोरगा, भाऊ आणि बहिणीची दोन पोरं घेऊन, पाडळीला गाडीत बसून मसूरला उतरला होता. बाप गोरेगावला नोकरीवर, त्याच्याकडे निघाले होते. कपडे झकपक, त्यामुळं स्टेशनमास्तर आधी गोड बोलला. पोरानं जात सांगितली आणि मास्तर पाच पावलं मागं सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं ठरलं, गाडी पोरांनी हाकायची आणि गाडीवाल्यानं बाजूनं चालायचं, तेव्हा एक जण कबूल झाला. रात्रभर प्यायला पाणी मिळालं नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आगगाडीनं त्या पोरांना मसूरपर्यंत आणलं, जात न विचारता, तिकीट बघून. पुढं फलाट संपला आणि गाव सुरू झालं. म्हणून आपल्या बापजाद्यांनी रेल्वेवर जीव टाकला. गावात वाट नव्हती, रुळांवर होती. ज्याच्याजवळ तिकिटाला पैसे नव्हते तो रुळाच्या दिशेनं चालत गेला. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे १९३१ च्या सुमारास घरच्यांबरोबर पायी मुंबईला आले.

त्या रेल्वेनं आता तिकिटाकडं बघूनच मागं सरायचं ठरवलंय. एसीचं तिकीट, वंदे भारतचं तिकीट, ते असलं तर या. नसलं तर पाच पावलं मागं उभे राहा, गाडी जाऊ द्या. आणि आपली पोरं? फोनवर वंदे भारतचे व्हिडिओ बघून टाळ्या वाजवतायत, स्टेटस ठेवतायत. तुझ्या गावाला थांबते का रे ती? हे विचारलं की गप्प.

आमचं म्हणणं साधं आहे. साधी लोकल काढून एसी लावायची नाही, एसी लावायची तर वाढीव लावा. कळवा-मुंब्र्याला सकाळ-संध्याकाळच्या निम्म्या तरी फास्ट थांबवा. हार्बरला जादा रूळ टाका, बंदराची मोकळी जमीन बिल्डरला द्यायच्या आधी त्यातली पट्टी रुळाला काढा. सह्याद्री मुंबईपर्यंत न्या आणि तिला जनरलचे डबे जोडा, दोन नाही, सहा.

पुढच्या अंकासाठी तुमच्या स्टेशनात कोणती गाडी थांबत नाही, कधीपासून थांबत नाही आणि तिच्यामुळं कुणाची हजेरी बुडते, ते लिहून पाठवा. कविता नको, कविता आमच्याकडे ढीगभर आहेत. गाडीचा नंबर, वेळ आणि फलाट एवढं लिहा. सगळं छापू आणि तो अंक घेऊन आधी डीआरएम साहेबाच्या टेबलाशी जाऊ, मग दिव्याच्या लोकांना विचारू की पुढं काय करायचं.