चादरीची नक्षी आणि खिशातील संगणक

सोलापुरी चादरीवरील नक्षी जकार्ड मागावर, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या आज्ञेने उमटत आली आहे. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये सिद्ध झालेली ही युक्ती संगणकाच्या आज्ञावलीची पूर्वपीठिकाच होय. या गावातील विद्यार्थ्याला संगणक परका वाटण्याचे वस्तुतः कारण नाही.

२०१६ साली ब्रिटनमध्ये सुमारे १० लाख शालेय मुलांना ‘मायक्रोबिट’ हा तळहातावर मावणारा संगणक विनामूल्य देण्याचा उपक्रम झाला. पंचवीस दिवे आणि दोन कळा, एवढाच त्याचा दर्शनी संसार. परंतु मुलाने लिहिलेली आज्ञा तो तत्काळ पाळतो. ती चुकीची असली तरी निमूटपणे पाळतो. चूक यंत्राची नसून आपल्या विचाराची आहे, हा धडा पाठांतराने मिळत नाही.

आपल्याकडेही १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पाने निवडक शाळांत बीबीसी मायक्रो संगणक आणले होते. शिक्षकांच्या तयारीअभावी त्याचे फळ तोकडेच राहिले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने आज्ञालेखनाचा पुरस्कार केला असताना ही चूक पुन्हा परवडणारी नाही. कपाटात कुलूपबंद पडलेले यंत्र हे अर्थशास्त्राच्या दृष्टीने मृत भांडवल होय. ते जिवंत करतो तो शिक्षक.

पुठ्ठ्याची नक्षी आखणारा आणि माग चालविणारा यांच्या मिळकतीतील अंतर सोलापूरला नवे नाही. आपली मुले कोणत्या बाजूस उभी राहणार, हाच खरा प्रश्न आहे.